शेती आणि अन्न यांवरचे माहितीपट गावात दाखवताना

शाश्वत शेती, अन्ननिर्मिती आणि तिचा पर्यावरणावर होणारा परिणाम या विषयांवरचे माहितीपट आता मोबाइलवर सहज मिळतात आणि विदर्भातल्या खेड्यांतही ते पाहिले जातात. परंतु घरात एकट्याने पाहिलेला माहितीपट बहुतेक वेळा हळहळण्यात किंवा भारावण्यात संपतो, तोच गावाने एकत्र बसून पाहिला की कोणीतरी "हे आपल्या वावरात जमते काय?" असे विचारतो आणि मग बोलणे बियाण्यावर, खतावर, विहिरीच्या पाण्यावर येते. ग्रामपंचायत, महिला बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी, शाळा किंवा गावातली चार उत्साही मुले, यांपैकी कोणालाही असा कार्यक्रम घेता येईल. त्याला खर्च थोडा लागतो, तयारी मात्र बरीच लागते, कारण यांतले बहुतेक माहितीपट अमेरिकेत, युरोपात किंवा फार तर पंजाबात चित्रित झालेले असतात आणि त्यांतले आकडे तिथल्या शेतीचे असतात. म्हणून माझा आग्रह एकच आहे. पडद्यावरचा प्रत्येक मोठा आकडा लोकांसमोर जाण्याआधी आपल्या मातीवर, आपल्या पावसावर आणि आपल्या पिकावर मांडून पाहावा, आणि ते गणित कार्यक्रमाच्या दिवशी फळ्यावर लिहिलेले असावे.

हंगाम पाहून विषय घ्यावा

माहितीपट केव्हा दाखवायचा, हे कोणता दाखवायचा याच्या आधी ठरवावे. शेतकऱ्याचे निर्णय वर्षातल्या ठरावीक वेळीच होतात, आणि त्या निर्णयाच्या तीन-चार आठवडे आधी विषय कानावर पडला तरच त्याचा उपयोग होतो. मातीवरचा माहितीपट एप्रिलमध्ये दाखवावा, कारण तेव्हा बहुतेक वावरे मोकळी असतात, शेणखत टाकायचे बाकी असते आणि माती परीक्षणाचा नमुनाही तेव्हा नीट काढता येतो. बियाण्यावरचा माहितीपट मे महिन्यात ठेवावा आणि त्याच बैठकीत घरच्या सोयाबीनची उगवणशक्ती कशी तपासायची हे ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून करून दाखवावे. शंभरांपैकी सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर ते बियाणे पेरण्यायोग्य मानले जाते. कीटकनाशकांवरचा माहितीपट जुलैच्या मध्यापर्यंत, म्हणजे फवारणीचा जोर सुरू होण्यापूर्वी झालाच पाहिजे. फरदड घेणे (हंगाम संपल्यावरही कापूस उभा ठेवून आणखी वेचण्या घेणे) आणि पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडे, जाळणे हे विषय नोव्हेंबरअखेरीस घ्यावेत, कारण गुलाबी बोंडअळी उभ्या पऱ्हाटीवरच्या बोंडांत मुक्काम करते आणि कापूस केव्हा मोडायचा याचा विचार घराघरांत त्याच सुमारास चालू असतो.

सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची पहिली वेचणी चालू असताना कार्यक्रम ठेवू नये, कारण दिवसभर वाकून काम केलेल्या बाया संध्याकाळी स्वयंपाक सोडून येऊ शकत नाहीत, आणि त्या नसतील तर चर्चा अपुरी राहते. रब्बीत ज्या आठवड्यात कृषिपंपांना रात्रीची लाइन, म्हणजे वीज, असते तो आठवडाही टाळावा. हरभऱ्याला पाणी देणारी सगळी माणसे त्या वेळी वावरात असतात. अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांतल्या ज्या गावांत सायंकाळची सामुदायिक प्रार्थना नेमाने होते तिथे प्रार्थनेनंतर लगेच कार्यक्रम सुरू केल्यास लोकांना बोलावत फिरावे लागत नाही. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात, लोकांना हिवाळ्यात रात्रभर नाटक पाहण्याची सवय आहे, त्यामुळे तिथे लांब कार्यक्रमही चालतो. फक्त जवळच्या गावी त्या रात्री नाटक नाही ना, एवढे आधी विचारून घ्यावे.

निवड करताना

निवडलेला माहितीपट आयोजकाने आधी संपूर्ण पाहावा, आणि दुसऱ्या वेळी वही घेऊन पाहावा. कोणी बनवला, पैसा कोणाचा होता, शेतकरी स्वतः किती वेळ बोलतो आणि त्याच्याबद्दल इतर लोक किती वेळ बोलतात, तोटा झालेले एखादे वर्ष दाखवले आहे की नाही, हे टिपून ठेवावे. ज्या माहितीपटात एकदाही पीक बुडत नाही, एकदाही मजुरीचा खर्च सांगितला जात नाही, तो बहुधा कोणाची तरी जाहिरात असतो.

उदाहरणादाखल 'द बिगेस्ट लिटल फार्म' हा २०१८ चा माहितीपट घ्यावा. कॅलिफोर्नियात ओसाड पडलेल्या जमिनीवर एक जोडपे सुमारे आठ वर्षांत फळझाडे, आच्छादन पिके, बदके, मेंढ्या आणि डुकरे यांची एक मिश्र शेती उभी करते, आणि ती उभी राहताना कीड, कोल्हे, गोगलगायी यांनी केलेले नुकसानही प्रामाणिकपणे दाखवले आहे. तो आवर्जून दाखवण्यासारखा आहे. परंतु तिथली जमीन दोनशे एकरांच्या आसपास आहे आणि सुरुवातीची वर्षे बाहेरून आलेल्या गुंतवणुकीवर निघाली, हे प्रेक्षकांना आधीच सांगावे. नाहीतर चार एकर कोरडवाहू आणि डोक्यावर पीककर्ज असलेला माणूस ते पाहून स्वतःलाच दोष देत घरी जातो. अशा माहितीपटासोबत जवळचे उदाहरण ठेवावे. यवतमाळ जिल्ह्यात अनेक वर्षे रासायनिक खते आणि कीटकनाशके न वापरता शेती करणारे आणि २०२५ मध्ये पद्मश्री मिळालेले सुभाष शर्मा हे विदर्भातल्या शेतकऱ्यांना परिचित नाव आहे; त्यांचे बोलणे ऐकवले तर तीच तत्त्वे काळ्या मातीत आणि बेभरवशाच्या पावसात कशी वागतात हे कळते.

दीड तासाचा माहितीपट सलग दाखवण्याचा हट्ट धरू नये. पंचवीस मिनिटांचा भाग आणि त्यानंतर तासभर चर्चा हे प्रमाण गावात चांगले जुळते. मात्र भाग निवडताना दिग्दर्शकाने मांडलेली दुसरी बाजू वगळली जाणार नाही याची काळजी घ्यावी.

आकडा आपल्या वावरात आणून पाहावा

तयारीतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो.

'काउस्पिरसी' हा २०१४ चा माहितीपट जगभर गाजला. जगातल्या हरितगृह वायूंपैकी ५१ टक्के वायू पशुपालनामुळे निघतात, असे त्यात सांगितले आहे. हा आकडा २००९ मध्ये वर्ल्डवॉच संस्थेच्या नियतकालिकात आलेल्या एका लेखातला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये केलेल्या अंदाजानुसार हेच प्रमाण १४.५ टक्के आहे. एवढा फरक पडण्याचे एक मोठे कारण असे की त्या लेखात जनावरांच्या श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइडही धरला होता. वास्तविक जनावर जो कडबा-कुटार खाते त्या पिकाने तो वायू आधी हवेतूनच घेतलेला असतो, त्यामुळे तो नव्याने भर म्हणून मोजत नाहीत. कार्यक्रमात हे दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत आणि फरक का पडला हे समजावून सांगावे. एकदा लोकांना आकडा तपासण्याची सवय लागली की पुढे कंपनीच्या प्रतिनिधीने सांगितलेले उत्पन्नाचे आकडेही ते त्याच नजरेने पाहू लागतात.

परंतु १४.५ टक्के हाही थोडा आकडा नव्हे, आणि "ते अमेरिकेचे आहे, आपल्याला काय त्याचे" असे म्हणून विषय सोडणे योग्य होणार नाही. आपल्या गाई-बैलांच्या पोटातूनही मिथेन निघतोच, आणि गावरान गाय दूध कमी देत असल्यामुळे एका लिटर दुधामागे तो जास्तच पडतो. त्याच वेळी ती गाय दुसऱ्या कोणाच्या उपयोगी न पडणारे कुटार खाते, तिचा गोऱ्हा डवरा आणि वखर ओढतो, तिचे शेण वावरात जाते. केवळ मांसासाठी मका आणि सोयाबीन खाऊ घालून वाढवलेल्या जनावराशी तिची थेट तुलना होत नाही. या दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

आणि एक तिसरी गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. वाशीम, अकोला, बुलढाणा, यवतमाळकडचे सोयाबीन तेल गिरणीत गेल्यावर त्यातून १८ ते २० टक्के तेल निघते आणि उरलेल्या वजनातला बहुतांश भाग सोयापेंड म्हणून कोंबडीखाद्याकडे किंवा निर्यातीकडे जातो. म्हणजे आपण ज्याला तेलबियांचे पीक म्हणतो ते मुख्यतः जगाच्या मांस आणि अंडी उत्पादनाचे खाद्य आहे, आणि मोंढ्यातला सोयाबीनचा भाव पुष्कळदा त्या पेंडेच्या मागणीवर हलतो. कापसाचेही तसेच आहे: वजनाच्या हिशेबाने कापसाचा दोन-तृतीयांश भाग सरकी असतो, तिचे तेल माणसांच्या पोटात आणि ढेप दुधाळ जनावरांच्या पोटात जाते. मांसाहारावरचा परदेशी माहितीपट पाहताना हे सांगितले की शाकाहारी घरातला शेतकरीही सावरून बसतो, कारण पडद्यावरच्या साखळीचे एक टोक त्याच्याच वावरात आहे हे त्याला दिसते.

पाण्याचे आकडे असेच उलगडावे लागतात. एक किलो सुती कापडामागे सुमारे १०,००० लिटर पाणी लागते, हे वाक्य अनेक माहितीपटांत येते आणि ते ऐकून कापूस उत्पादकाला आपण काही गुन्हा करत आहोत असे वाटते. फळ्यावर असे गणित मांडावे. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी पडले. हंगामातल्या पावसापैकी ६०० मिलिमीटर पाणी पिकाने आणि जमिनीने मिळून वापरले असे धरले तर एकरी २४ लाख लिटर झाले. एकरी सहा क्विंटल कापूस निघाला तर एका किलोला ४,००० लिटर पडले, आणि एक किलो रुईसाठी, म्हणजे सरकी काढलेल्या कापसासाठी, साधारण तीन किलो कापूस लागतो. म्हणजे पडद्यावरच्या आकड्यात आणि आपल्या आकड्यात फार अंतर नाही. फरक पाण्याच्या जातीत आहे. विदर्भातला बहुतेक कापूस कोरडवाहू आहे; हे सगळे पाणी आभाळातून आले, आणि कापसाऐवजी तिथे ज्वारी किंवा तूर असती तरी त्यातले बरेचसे तसेच उडून गेले असते. याउलट वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात बोअरवेलने उपसलेले पाणी जमिनीच्या पोटातले आहे, ते परत भरायला अनेक पावसाळे लागतात आणि तिथे पाण्याची पातळी कितीतरी खोल गेली आहे. म्हणून माहितीपटात लिटरचा आकडा आला की पहिला प्रश्न "किती" हा नसून "पावसाचे की उपशाचे" हा असावा. खारपाणपट्ट्यातल्या गावांत तर त्यापुढचा प्रश्न विचारावा लागतो, कारण पूर्णा खोऱ्यात जमिनीखालचे पाणीच खारे आहे आणि ते पिकाला दिल्याने काळी माती बिघडते.

मातीत कर्ब (कार्बन) साठवून हवामान बदल रोखता येईल, असे 'किस द ग्राउंड' या २०२० च्या माहितीपटात मोठ्या उत्साहाने मांडले आहे. त्यातली दिशा बरोबर आहे, मात्र वेगाबद्दल सावध राहावे. एका एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन ढोबळमानाने ८०० टन असते. आपल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर सेंद्रिय कर्ब ०.४० टक्के असेल आणि तो ०.५० पर्यंत न्यायचा असेल तर एकरी ८०० किलो कर्ब मातीत टिकून राहिला पाहिजे, आणि तो हवेतल्या सुमारे २.९ टन कार्बन डायऑक्साइडएवढा होतो. आपल्याकडच्या उन्हात शेणखत झपाट्याने कुजते आणि टाकलेल्या कर्बाचा मोठा भाग पुन्हा हवेत जातो, म्हणून ही ०.१० टक्क्याची वाढ एका वर्षात होत नाही, आणि एकदा झाली तरी खोल नांगरटीने आणि पालापाचोळा जाळल्याने ती निघूनही जाते. कार्यक्रमाला येणाऱ्यांनी आपापली पत्रिका सोबत आणावी असे दवंडीतच सांगावे. ०.५० च्या खाली असलेला कर्ब कमी समजतात. पत्रिका हातात धरून प्रत्येकाने स्वतःचा आकडा वाचला की माहितीपटाचा पुढचा भाग लोक एकाग्रतेने पाहतात.

याच चर्चेत म्हातारी माणसे एक साखळी सांगतात, ती कोणत्याही पडद्यावर मला अजून दिसलेली नाही: जवारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी ढोरे गेली, ढोरे गेली तसे खत गेले. सोयाबीनने ज्वारीची जागा घेतल्यावर विदर्भाच्या मातीचे काय झाले हे या एका वाक्यात आहे. ते सांगणाऱ्याला वेळ द्यावा आणि त्याचे बोलणे लिहून घ्यावे.

युरियाचे गणित लोकांना सर्वांत जास्त चकित करते. ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे २०.७ किलो. मातीत टाकलेल्या नत्रापैकी साधारण १ टक्का नत्र नायट्रस ऑक्साइड वायूच्या रूपाने हवेत जाते, असे आंतरराष्ट्रीय हवामान समिती हिशेबासाठी धरते. त्या वायूचे वजन सव्वातीनशे ग्रॅम भरते. शंभर वर्षांच्या मापाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापमान वाढवतो, म्हणजे एका पोत्यामागे सुमारे ८९ किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम झाला, आणि कारखान्यात युरिया तयार होताना जे निघाले ते वेगळेच. हे सांगून थांबू नये. चुनखडीयुक्त काळ्या मातीवर युरिया नुसता फेकला तर त्यातले नत्र अमोनिया होऊनही उडते, म्हणून ओल असताना, हप्त्याहप्त्याने आणि मातीआड करून दिल्यास पैसाही वाचतो आणि हवाही, हे त्याच फळ्यावर लिहावे.

धानपट्ट्यात मिथेनचा विषय निघतो. बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या शेतात, पाणी साचून राहिले की मातीतला प्राणवायू संपतो आणि त्या स्थितीत वाढणारे सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. पाणी मधूनमधून आटू देऊन पुन्हा भरल्यास हा वायू बराच कमी होतो, असे परदेशी माहितीपटांत नळ आणि दरवाजे असलेल्या शेतांत दाखवतात. भंडारा-गोंदियात पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरते आणि मालगुजारी तलावातून, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातल्या सिंचन तलावातून, पाणी मिळण्याची पाळी आपल्या हाती नसते. म्हणून इथे तो उपाय एकट्या शेतकऱ्याचा राहत नाही, तलावाच्या सगळ्या लाभधारकांनी मिळून ठरवण्याचा होतो. चर्चा तिकडे वळवावी, आणि तलावातला गाळ, तलावाच्या बांधाची दुरुस्ती, पाटाची सफाई हे विषय मिथेनच्या निमित्ताने पुढे घ्यावेत. याच भागात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी, दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीतल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून एचएमटी हे धानाचे वाण तयार केले. बियाण्याचे ज्ञान फक्त प्रयोगशाळेत असते असे सुचवणारा माहितीपट दाखवला तर त्यानंतर त्यांची गोष्ट जरूर सांगावी.

आपल्या गावचे आकडे मिळवणे अवघड नाही. पीक पेरा तलाठ्याकडे किंवा ई-पीक पाहणीत मिळतो, पाऊस महसूल मंडळाच्या नोंदीत असतो, निरीक्षण विहिरींची पातळी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा मोजते, आणि खताची पोती किती गेली हे कृषी सेवा केंद्रचालक विश्वासात घेतल्यास सांगतो. शंका आली तर तालुक्याजवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात विचारावे. कापसाबद्दल नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे.

जे दुःख घरातले आहे, त्याबद्दल

विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर माहितीपट बनले आहेत. २००९ चा 'नीरोज गेस्ट्स' आणि २०११ चा 'बिटर सीड्स' हे त्यांतले सर्वांत माहीत असलेले. नागपुरात किंवा पुण्यात ते दाखवणे वेगळे आणि ज्या गावात एखाद्या घरात असे घडलेले आहे तिथे दाखवणे वेगळे. कार्यक्रमाआधी त्या कुटुंबाच्या घरी जाऊन विषय सांगावा, त्यांची इच्छा विचारावी, आणि ते नको म्हणाले तर दुसरा माहितीपट घ्यावा. लहान मुलांना घरी ठेवण्याची सूचना आधी द्यावी. कार्यक्रमात कारणांची मांडणी एकाच गोष्टीवर आणून ठेवू नये: बीटी कापसाला परवानगी २००२ मध्ये मिळाली आणि आत्महत्यांच्या बातम्या त्याआधीच, १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून, येत होत्या, कोरडवाहू शेती, सावकारी, भाव, आजारपण आणि बियाण्या-औषधांचा वाढता खर्च ही सगळी एकमेकांत गुंतलेली कारणे आहेत. फळ्याच्या कोपऱ्यात मानसिक आधार देणाऱ्या सरकारी टेलिमानस दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक शेवटपर्यंत लिहिलेला असावा.

कीटकनाशकांच्या बाबतीतही हीच जबाबदारी आहे. २०१७ च्या खरिपात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कापूस डोक्याएवढा वाढलेला, हवा दमट, दोन-तीन औषधे एकत्र केलेली, आणि अंगावर बनियन-लुंगीपलीकडे काही नाही, अशा स्थितीत फवारणारा माणूस औषधाच्या धुक्यातच चालत होता. पडद्यावर पक्षी आणि मधमाश्या मरताना दाखवतात, ते खरेच आहे, पण आपल्याकडे सर्वांत आधी मजूर पडतो. म्हणून माहितीपट संपल्यावर एक रिकामा, धुतलेला डबा घेऊन त्यावरचा त्रिकोण सर्वांना जवळून दाखवावा: लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. अक्षर न ओळखणाऱ्या सालदारालाही रंग ओळखता येतो. कोणाला चक्कर, घाम, लाळ किंवा धूसर दिसणे सुरू झाले तर अंगावरचे कपडे उतरवून साबणाने धुवावे आणि दवाखान्यात जाताना औषधाचा डबा सोबत न्यावा, कारण कोणते विष आहे हे कळल्याशिवाय डॉक्टरला नेमका उतारा देता येत नाही. त्या रात्री एवढे जरी लोकांच्या लक्षात राहिले तरी कार्यक्रमाचे चीज झाले असे मी समजेन.

पडदा, आवाज, वीज

प्रोजेक्टर शाळेत किंवा पंचायत समितीत मिळतो, पडद्याला पांढरे जाड कापड पुरते आणि ते भिंतीवर ताणून बांधावे. चित्र थोडे फिकट आले तरी चालते, आवाज मात्र स्पष्ट हवा. भजनी मंडळाचा स्पीकर प्रोजेक्टरच्या छोट्या स्पीकरपेक्षा कितीतरी बरा. इंटरनेटच्या भरवशावर न राहता फाइल पेनड्राइव्हवर आणि लॅपटॉपवर अशी दोन ठिकाणी ठेवावी, आणि लाइन गेली तर इन्व्हर्टर किंवा जनरेटर तयार असावा.

परवानगीचा प्रश्न टाळू नये. स्वतःच्या ओटीटी खात्यावरून सार्वजनिक कार्यक्रम करण्याची मुभा साधारणपणे नसते आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क निर्मात्याकडे असतो. परंतु बऱ्याच माहितीपटांचे दिग्दर्शक विनामूल्य गावकार्यक्रमासाठी ईमेलवर आनंदाने परवानगी देतात, आणि निर्मात्यांनी स्वतः यूट्यूबवर ठेवलेलेही पुष्कळ चांगले काम आहे.

भाषेसाठी पडद्याखालच्या इंग्रजी ओळी निरुपयोगी आहेत. गावातल्या एखाद्या मुलीने किंवा मुलाने माहितीपट आधी पाहून, दृश्य थांबवत थांबवत, वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत सांगावे. पाठ केलेले भाषांतर वाचून दाखवू नये, "हा बुवा काय म्हणून राहिला, तर..." अशा सरळ बोलीत सांगितले की लोक मधेच प्रश्न विचारतात, आणि ते विचारू द्यावेत.

चर्चा चालवताना

चर्चेची सुरुवात सर्वांत कमी बोलणाऱ्यांपासून करावी. सरपंच, कृषी सहायक आणि मोठे बागायतदार आधी बोलले की बाकीचे मान डोलावतात आणि सभा संपते. निंदण करणाऱ्या बायांना तणनाशकाबद्दल आधी विचारावे: तणनाशक आल्यावर त्यांची मजुरी किती बुडाली आणि बांधावरच्या रानभाज्या, तरोटा, कुंजीर, कुठे गेल्या, हे त्या जितक्या नेमकेपणाने सांगतात तितके दुसरे कोणी सांगत नाही. मेंढपाळ किंवा गुराखी असेल तर चराईबद्दल त्याला विचारावे. वाद झाला तर होऊ द्यावा, पण सेंद्रिय विरुद्ध रासायनिक अशा दोन फळ्या पडू लागल्या की प्रश्न बदलावा आणि "एका एकरावर, एका हंगामात, काय करून पाहता येईल आणि बुडाले तर किती बुडेल" असे विचारावे.

जे ठरेल ते एका वहीत लिहावे: कोण, कोणत्या गट क्रमांकातल्या किती जागेवर, काय करणार. पऱ्हाटी जाळण्याऐवजी श्रेडरने बारीक करून मातीत मिसळायची असेल तर यंत्र कोणाकडून, कोणत्या तारखेला आणि तासाच्या कोणत्या दराने येणार, इतके तपशील त्याच रात्री लिहून झाले पाहिजेत. शक्य असल्यास विषय पुढच्या ग्रामसभेच्या टिपणीत घालावा. १ मे आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभा हंगामाच्या दृष्टीने सोयीच्या पडतात.

मग आपला माहितीपट

असे दोन-तीन कार्यक्रम झाले की गावातली मुले आपणच चित्रित करू म्हणतात, आणि त्यांना जरूर करू द्यावे. तेलंगणात झहीराबादच्या परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या शेतकरी महिलांनी, ज्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते, स्वतः कॅमेरा हाती घेऊन भरडधान्यांवर आणि बीटी कापसावर माहितीपट केले. ते दख्खनच्या कोरडवाहू शेतीचे असल्यामुळे आपल्याला परदेशी कामापेक्षा अधिक जवळचे वाटतात.

विषय लहान घ्यावा. एकाच वावराचे, एकाच जागेवर उभे राहून, पेरणीपासून वेचणीपर्यंत दर पंधरा दिवसांनी एकदा चित्रण करावे. मोबाइल आडवा धरावा, वाऱ्याच्या आवाजासाठी माइकवर सुती कापड गुंडाळावे आणि बोलणाऱ्याचे तोंड सकाळच्या किंवा चार वाजल्यानंतरच्या उन्हाकडे ठेवावे. शेतकऱ्याला नुसते मत विचारू नये. किती पोती टाकली, किती फवारण्या झाल्या, निंदणाला किती बाया लागल्या, काट्यावर किती क्विंटल भरले, हे विचारावे, आणि त्याने दाखवण्यास हरकत नसेल तर पावती चित्रात घ्यावी. कर्जाची रक्कम, आजारपण आणि घरातले वाद त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय चित्रात येऊ देऊ नयेत, आणि तयार झालेला माहितीपट सर्वांत आधी त्याच्याच अंगणात दाखवावा. त्याने एखादा भाग काढा म्हटले तर काढावा. प्रत्येक फाइलला गावाचे नाव, गट क्रमांक, पीक आणि तारीख देऊन तिची एक प्रत जिल्हा परिषद शाळेच्या संगणकावर ठेवावी, म्हणजे पाच वर्षांनी त्याच धुऱ्यावर उभे राहून कोणालाही पुढचे चित्रण करता येईल.